ताणाच्या तारा

बरेच दिवस काही लिहिलं नाही. टेबलावर विमान उतरलं होतं, वही ठेवायला जागाच नव्हती! नातवाने वाढदिवसाला एअरफिक्सचं टायगर मॉथचं किट पाठवलं. सत्तरी ओलांडल्यावर केलेलं हे माझं पहिलं मॉडेल.

प्रमाण १:७२. जन्मभर भूगोल शिकवल्यामुळे प्रमाणाशी माझी जुनी ओळख. खरं विमान पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ८.९४ मीटर, माझं साधारण साडेबारा सेंटिमीटर. म्हणजे वीतभरही नाही.

टायगर मॉथ पहिल्यांदा १९३१ साली उडालं. १९३० मध्ये आगाखान बक्षिसासाठी अस्पी इंजिनियर आणि जेआरडी टाटा ज्या जिप्सी मॉथमधून उडाले, त्याच घराण्यातलं हे. स्वातंत्र्यानंतरही आपले वैमानिक यावर शिकले. पुढे त्याची जागा आपल्या एचटी-२ ने घेतली. यात शिकणारा मागे बसे आणि गुरुजी पुढे. संकटात पुढच्या माणसाला पॅराशूटसह बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढे सरकवलेला आहे. गुरुजींची एवढी काळजी घेणारं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

रंगकाम आधीच उरकलं. वरचा पंख बसवण्यापूर्वी धाग्यांसाठी बारीक भोकं पाडून घेतली. मग खरं काम, तारांचं. मला वाटायचं, दोन पंखांमधल्या या तारा म्हणजे नुसती सजावट. तसं नाही. लाकडाचा सांगाडा आणि वर कापड, असे ते हलके पंख एकट्याने भार पेलूच शकत नाहीत. उभ्या दांड्या पंखांना एकमेकांपासून दूर ठेवतात, आणि तिरक्या तारा त्यांना जागेवर धरतात. गंमत म्हणजे तारांचे दोन संच असतात. विमान जमिनीवर असताना पंख आपल्या वजनाने खाली झुकू पाहतात, तेव्हा एक संच त्यांना तोलतो. हवेत हवाच पंखांना वर रेटते, तेव्हा दुसरा संच भार घेतो.

धागा घरातच सापडला. सौ. रुखवतासाठी मण्यांची तोरणं करायची, तिच्या डब्यात बारीक नायलॉनची गुंडी होती. ती गेल्याला आता दीड वर्ष होईल. डबा उघडायला मला दोन दिवस लागले. धागा ओवून टोकं चिकटवली आणि ढिला राहिला तिथे पेटती उदबत्ती जरा लांबून फिरवली. ऊब लागताच नायलॉन आपोआप ताठ होतो. जवळ नेली तर मात्र तुटतो. हेही लक्षात ठेवायचं, की एका बाजूला जास्त ओढ दिली तर पंख पिळवटतो. डावी-उजवीकडे सारखाच ताण हवा.

तारा ओवताना डोक्यात दुसरंच चाललं होतं. मुलगी म्हणते, बाबा, पुण्याला या, एकटे कशाला राहता? इकडे संगमनेरचं घर, जुने विद्यार्थी, सकाळी फिरायला येणारं मित्रमंडळ. दोन्हीकडून ओढ. दीड वर्ष मी या ओढीला त्रास समजत आलो. आता वाटतं, ओढ आहे म्हणून तर माणूस उभा आहे. सौ. होती तेव्हा भार तिच्या तारेवर होता, बाकीच्या तारा असून जाणवत नव्हत्या. आता भार त्यांच्यावर आला आहे.

तेव्हा ठरवलंय. घर विकायचं नाही, दिवाळीनंतर दोन महिने पुण्याला राहून बघायचं. मुलीला फोनवर सांगितलं, तर ती आधी गप्पच झाली आणि मग म्हणाली, "येताना विमान आणा." एवढ्या नाजूक तारांचं हे विमान एसटीतून कसं न्यायचं, हा नवा प्रश्न! कोणाला युक्ती सुचली तर जरूर सांगा.