जडवस्तू संग्रह नोंदवही

शाळेत तेहेतीस वर्षं मी ही वही भरली. बाकं, फळे, घंटा, पाण्याची टाकी, जगाचा नकाशा. बोलताना सगळे डेडस्टॉक म्हणत. पुठ्ठ्यावर छापलेलं असे, जडवस्तू संग्रह नोंदवही. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तशीच एक कोरी वही विकत आणली आणि माळ्यावरच्या दोन लोखंडी पेट्या खाली उतरवल्या. एका पेटीच्या बुडाला वाळवी लागलेली. माती झटकली तर मातीबरोबर कागद आला, त्या कागदावर अर्धा घोडा होता. त्याच संध्याकाळी वहीत रेघा मारल्या.

अनुक्रमांक, वस्तूचं नाव, कुठून आली, नग, किंमत, स्थिती, निर्लेखन, शेरा. शाळेत शेऱ्याचा रकाना बहुतेक कोराच राहायचा. इथं तो तिसऱ्याच नोंदीला अपुरा पडला. आता डावं पान वस्तूला आणि उजवं पान अख्खं शेऱ्याला.

मुलगी म्हणाली, "बाबा, यातलं बरंचसं आता फोनवर वाचायला मिळतं." मिळतं, मीही वाचलं आहे. गोष्टी कुठं जात नाहीत, कोणी ना कोणी त्या परत छापतं. मी ज्याची यादी करतोय ते परत कोणी छापणार नाही.

एकूण नग २८७.

पेटी पहिली, मराठी. अमरावतीकडून आलेली. परतवाड्याहून घाट चढून, सेमाडोह, हरिसाल करत एसटी धारणीला यायची. मुक्कामी गाडीच्या टपावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत आणि त्यातच कधीमधी इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथा, चांदोबा. पेटी दुसरी, हिंदी. ती बऱ्हाणपूरकडची. धारणीला अमरावती लांब, बऱ्हाणपूर जवळ. लग्नाचा बस्ता तिकडून, आजारी माणूस तिकडं, आणि चाचा चौधरी, राम-रहीम, नागराजही तिकडूनच. जिल्ह्याचं गाव मराठीत वाचायला लावी आणि बाजार हिंदीत. आम्ही दोन्ही वाचलं. दुसरी पेटी खरं तर धाकट्या भावाची. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणून त्याचं बालपण मी नोकरीला लागेपर्यंत पुरलं.

क्र. १ ते ६४. इंद्रजाल, वेताळ. ही मालिका मार्च १९६४ ला सुरू झाली, मी त्याच वर्षीचा. स्थिती: ओल लागलेली, पिना गंजलेल्या, पिनांभोवती तांबूस डाग. शेरा लिहायला एक आख्खी दुपार गेली, कारण ओल कशी लागली ते सांगायचं तर आजी सांगावी लागते. ली फॉकचा 'फँटम' मराठीत आणि हिंदीत वेताळ झाला. चांदोबातही वेताळ होताच, विक्रमाच्या खांद्यावरचा, प्रश्न विचारून परत झाडाला लटकणारा. आणि आजीचा तिसरा, गावशिवेवरचा शेंदूर लावलेला, ज्याचं नाव तिन्हीसांजेला घ्यायचं नाही. हे तीन वेगळे आहेत हे मी तिला परोपरीनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव तं तेच हाये नं." चांदोबातला वेताळ गोष्टीतला म्हणून माजघरात चालला. बुरखेवाला मात्र देवघराच्या भिंतीपलीकडं नको, म्हणून ते सगळे अंक ओसरीत, खुंटीला टांगलेल्या पिशवीत राहिले. मेळघाटचा पाऊस ओसरीत येतोच. चांदोबा अजून कोरडे आहेत.

क्र. ६५ ते ९८. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बहादूर. बहादूर १९७६ चा, आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला. केशरी कुडता आणि जीन्स घातलेला तो आमच्यातला पहिला. त्याच्या अंकांच्या कडा सगळ्यांत जास्त झिजल्या आहेत; हे मी मोजून सांगतोय, आठवून नाही.

आता रिकाम्या जागा. यादी करणाऱ्याचा अर्धा वेळ नसलेल्या गोष्टींत जातो. इंद्रजालच्या क्रमांकांत १२३ आणि १२४ नाहीत. संपामुळे ते अंक निघालेच नाहीत. मालिका १९९० ला थांबली तेव्हा शेवटचा क्रमांक ८०५ होता, निघालेले अंक ८०३. अमर चित्र कथेत 'कृष्ण' हा पहिला समजावा तर त्याच्यावर क्रमांक ११. आधीचे दहा परदेशी परीकथांचे. अनंत पै यांची ती मालिका ज्या कथांसाठी ओळखली गेली त्या अकरापासून सुरू होतात. लहानपणी मी हे दहा अंक शोधत दोन वर्षं घालवली. प्रत्येक एसटी कंडक्टरला सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या प्रकारच्या रिकाम्या जागा फक्त माझ्या वहीत आहेत. माझ्याकडचे सत्तरच्या दशकातले अंक तारखेनं लावले आणि एक गोष्ट दिसली जी पन्नास वर्षांत दिसली नव्हती. दर वर्षी जुलैअखेर ते ऑगस्ट, दोन-तीन अंक गायब. तेव्हा इंद्रजाल पंधरा दिवसांनी निघे. सिपनेला पूर आला की गाडी अलीकडं अडायची, गठ्ठा भिजायचा किंवा परत जायचा, आणि पाणी उतरेपर्यंत पुढचा अंक आलेला असायचा. मागचा मग कोणी पाठवत नसे. त्या ओळी मी कोऱ्या ठेवल्या आहेत. नग शून्य. शेरा: पूल पाण्याखाली. असे अकरा शेरे झाले.

कागद. याला वेगळा क्रमांक दिलेला नाही, पण नोंद हवी. दोन्ही पेट्यांतला बहुतेक कागद वर्तमानपत्री. लाकूड नुसतं भरडून केलेला असतो. लाकडातला चिकट भाग त्यात तसाच राहतो आणि उजेड-हवा लागली की पिवळा, मग तपकिरी, मग कुरकुरीत होतो. बाबा वनखात्यात कारकून होते. ते सांगत, हा कागद आपल्याच डोंगराचा. नेपानगर इथून जवळ, तापीच्या खोऱ्यात. सलई आणि बांबू खाऊन कागद काढणारा तिथला कारखाना पंडित नेहरूंनी १९५६ साली देशाला अर्पण केला, आणि पुढं बरीच वर्षं वर्तमानपत्री कागद करणारा देशात तो एकच होता. बाबांच्या टेबलावर सलईच्या लाकडाचे हिशेब असत. अंक हातात घेतला की ते आधी पान नाकाशी नेत. मला गोष्टीची घाई आणि ते वास घेत उभे. आता मीही आधी वासच घेतो. सलईचा वास त्यात उरलेला नाही. जुन्या तांदळाच्या पोत्यासारखा येतो.

क्र. १४१ ते १६९. भाड्याचे. बसस्टँडजवळ एका पत्र्याच्या टपरीत सुतळीवर कॉमिक्स टांगलेले असायचे, मधोमध उघडून, धुणं वाळत घालावं तसे. बसून वाचलं तर दहा पैसे, घरी नेलं तर पंचवीस. बाकावर चौघं बसायचे आणि पान उलटायचा मान पैसे देणाऱ्याचा. मंद वाचणाऱ्याचे हाल व्हायचे. मी मंद वाचणारा होतो. टपरी बंद झाली तेव्हा भावानं उरलेला माल किलोवर घेतला. या अंकांना मधल्या घडीवर सुतळीचा आडवा वळ आहे, सगळ्यांना एकाच उंचीवर. मुखपृष्ठाला आतून खाकी कागद डकवलेला, त्यावर निळ्या शाईत अंक परत आल्याच्या खुणा, पाच-पाचच्या जुड्या करून मारलेल्या रेघा. एका अंकावर रेघा मोजल्या. १८३. म्हणजे निदान १८३ वेळा तो कोणाच्या तरी घरी रात्रीचा राहिला, कंदिलाशी, आणि सकाळी परत आला. स्थितीच्या रकान्यात 'खराब' लिहिलं होतं, ते खोडून 'वापरलेला' लिहिलं.

क्र. १७० ते २३८. राज, मनोज, डायमंड, तुलसी. सुपर कमांडो ध्रुव, नागराज, हवलदार बहादूर, जम्बू. यांतल्या बहुतेकांविषयी मला फार लिहिता येत नाही, ते भावानं लिहावं. त्याला फोनवर एकेक नाव वाचून दाखवलं तर तो मुखपृष्ठ न बघता रंग सांगत गेला. एवढं मात्र माझं आहे: सुरुवातीचा नागराज काढला प्रताप मुळीक यांनी, आणि माझ्या पेटीतल्या अमर चित्र कथेच्या कितीतरी अंकांत तोच हात. दोन्ही अंक शेजारी ठेवून बघितले. खांद्याची वळणं तीच, गुडघा टेकून बसलेला पुरुष तोच. बऱ्हाणपूरचा बाजार आणि अमरावतीची एसटी आपापल्या वाटेनं पुण्याच्या एकाच माणसाचं काम आमच्या घरात आणत होती, आणि दोघा भावांत भांडण कुणाचं बरं याचं. राम वाईरकरांनी 'कृष्ण' काढला आणि सुपंडीही. शिकारी शंभू वसंत हळब्यांच्या हातचा. ही नावं अंकात बारीक अक्षरात असत किंवा नसत, आम्ही कधी वाचली नाहीत. आता उजव्या पानावर आधी चित्रकाराचं नाव लिहितो, मग नायकाचं.

क्र. २३९. बांधीव खंड एक, आत बारा अंक. कॉलेजात असताना हौसेनं एका बाइंडरकडं दिला. कापडी पाठ, सोनेरी अक्षरं. त्यानं तिन्ही बाजू कापून सरळ केल्या. वरच्या चौकटींतले फुगे डोक्यावर छाटले गेले. माणसं तोंड उघडून बोलतायत आणि त्यांच्या वाक्यांची पहिली ओळ नाही. मजबूत आहे, वाळवीनं यालाच तोंड लावलं नाही.

रेल्वेत मिळालेले सात. अकोला-खंडवा मीटरगेजनं, धूळघाटच्या वळणावर गाडी स्वतःच्याच रुळांवरून जायची तिथं मी खिडकी सोडून अंकात डोकं घातलेलं म्हणून बाबांनी अंक हातातून काढून घेतला होता. तो रूळ आता बंद. अंक आहे, पान अकराला दुमडलेला.

निर्लेखन. शाळेत याची रीत होती. समिती बसायची, मोडकं बाक बघायची, ठराव, सह्या, मग ते बाक वहीतून जायचं. वाळवीनं खाल्लेले एकोणीस अंक वहीतून काढायचे होते. पंचनामा केला. एकाचं नुसतं मलपृष्ठ. एकाचे चार कोपरे, मध्ये बोगदे, आणि बोगद्यांतून खालच्या अंकाची चित्रं दिसतात. एकाची किंमत शाबूत, बाकी काही नाही. निर्लेखनाच्या रकान्यापर्यंत पेन आणलं आणि 'अंशतः' लिहिलं, एकोणीस वेळा. नियमात असा शब्द बसत नाही हे मला माहीत आहे.

क्र. २७०. इंद्रजाल, वेताळ. मुखपृष्ठ नाही. पानं चोवीस. वर्गात माझ्याशेजारी एक कोरकू मुलगा बसे, ढाण्यावरून चालत यायचा. हा अंक मी त्याला दिला होता आणि पावसाळ्यानंतर त्यानं परत आणला. तेव्हा मी भांडलो, कारण त्यानं पेन्सिलनं अंकात लिहिलं होतं. वाघाच्या डोक्यावर, मराठी अक्षरांत: कुला. धबधब्याच्या बाजूला: दा. त्या अंकात जंगलातली माणसं ओरडतात, पळतात, बुरखेवाल्याच्या पाया पडतात. बोलत नाहीत फारशी. त्यानं त्यांच्या रिकाम्या जागेत, चौकटीच्या कडेला, स्वतःच्या घरातले शब्द भरले होते. पुस्तकावर रेघोटी म्हणून मी रबरानं खोडायला लागलो होतो. दोन शब्द खोडले गेले, मग रबर कागदाला चिकटलं म्हणून थांबलो.

या मे महिन्यात अंक घेऊन त्याच्याकडं गेलो. गुडघे दुखतात त्याचे, बाजेवर बसूनच असतो. चष्मा लावला, पान उजेडाकडं धरलं. "हे तं माह्यंच अक्षर हाये बे," म्हणाला. कुला, दा. मोठ्यानं वाचलं, नातवाला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतलं. खोडलेल्यांपैकी एक शब्द कागद तिरका धरल्यावर पेन्सिलच्या दाबावरून त्याला लागला, तो मी त्याला विचारून वहीत उतरवून घेतला. दुसऱ्याच्या चित्रात फांदीवर एक पक्षी आहे, कुठला ते चित्रकारालाही ठाऊक नसावं. त्यानं एक नाव सांगितलं. आतून त्याच्या बायकोनं दुसरंच सांगितलं. दोघांचं बराच वेळ कोरकूत चाललं, मध्ये हात पंखांसारखे करून, आवाज काढून. मी वही उघडून बसलो होतो.

क्र. २७०, शेरा: शब्द चार. तीन वाचले. चौथा पुसट, माझ्या हातून. दोन मतं आहेत.