जठर राखता येईल का?

सकाळी आठला अर्धी पोळी, दहाला केळे, बाराला वाटीभर मऊ भात, दोनला ताक... ज्या घरात कुणाचे संपूर्ण जठर काढलेले असते, तिथल्या गृहिणीला हे वेळापत्रक घड्याळापेक्षा पाठ असते. पंगतीत कधीकाळी आग्रहाने जिलबी वाढून घेणारा गृहस्थ आता दोन घास गोड खाल्ले तरी घामाघूम होतो, छाती धडधडते. जठराची साठवण गेलेली असते. अन्न थेट आतड्यात उतरते. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी लागणारे द्रव्य जठरातच तयार होत असल्याने, इंजेक्शने जन्माची मागे लागतात.

१८९७ साली झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढले आणि ती जगली. तेव्हापासून वरच्या भागातल्या कॅन्सरवर बहुधा हाच उपाय राहिला. खालचा निरोगी भाग का ठेवत नव्हते? कारण अन्ननलिकेच्या तोंडाची झडप कॅन्सरसोबत जाते. मग आम्ल वर चढते, घसा जळतो, जोड आक्रसतो. राखलेले जठरच वैरी होई!

जपान-कोरियात तपासणीमुळे हा रोग लवकर सापडतो, म्हणून तिथल्या सर्जननी यावर डोके चालवले. एका पद्धतीत मध्ये लहान आतड्याचा तुकडा जोडतात. अन्नाला दोन वाटा मिळतात, एक उरलेल्या जठरात, दुसरी सरळ पुढे. दुसऱ्या, जपानी पद्धतीत जठराच्या स्नायूंचे दोन पदर दाराच्या फळ्यांसारखे उघडून अन्ननलिकेचे टोक त्यांखाली शिवतात. नवी झडपच म्हणा ना. शिवणकाम नाजूक, वेळखाऊ.

कोरियात १३८ रुग्णांवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. दोन वाटांच्या पद्धतीत बी-१२ ची गरज बरीच कमी भासली, जळजळही वाढली नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये मात्र अपेक्षित फरक दिसला नाही.

पण ही सोय प्रारंभीच्या कॅन्सरलाच. रोग खोल गेला असेल, तर जठराच्या मोहात पडणे धोक्याचे. आपल्याकडे बहुतेक रुग्ण ‘ॲसिडिटीच आहे’ म्हणत महिनोन्‌महिने गोळ्या चघळतात आणि उशिरा पोहोचतात. राखलेल्या जठरातही पुन्हा कॅन्सर उद्भवू शकतो. त्यामुळे दुर्बिणीची तपासणी चुकवता येत नाही.

ऑपरेशनची तारीख ठरवताना खर्च आणि खाटेची चौकशी सगळेच करतात. खालचे जठर ठेवता येईल का, ते जोडणार कसे, अशी ऑपरेशने तुम्ही किती केलीत, हे मात्र संकोचाने राहून जाते. विचारावे, चांगला सर्जन रागावत नाही, कागद ओढून आकृती काढून दाखवतो.