नाद सोड

सरकारी कारकुनाकडे सल्ला मागण्यास कोणी सहसा येत नाही. वरिष्ठ त्याला हुकूम करतात, जनता त्याच्याकडे खेटे घालते, आणि घरची माणसे त्याला पगाराच्या तारखेपुरते ओळखतात. म्हणूनच गेल्या वैशाखात आमच्या नागपूरच्या ताईचा फोन आला आणि "तू चार गावे पाहिलेला माणूस, त्याला दोन शब्द सांग" असे ती म्हणाली, तेव्हा आम्हांला क्षणभर धन्य वाटले. दोन शब्द कोणते सांगावयाचे तेही तिने लगोलग सांगून टाकले, हा भाग निराळा. ते शब्द होते, "नाद सोड."

'नाद' हा शब्द मराठीने मोठ्या मार्मिकपणे वापरला आहे. कानावर येतो तो नाद, आणि माणसाला लागतो तोही नादच. आमच्या भाच्याला तो दोन्ही अर्थांनी लागला होता. मुलगा हुशार, नुकतीच विज्ञान शाखेतून बारावीची परीक्षा दिलेला. तबला लहानपणापासून शिकत होता, पण त्याला तबलजी व्हावयाचे नव्हते आणि इंजिनिअरही व्हावयाचे नव्हते. त्याला ध्वनिमुद्रण शिकावयाचे होते. "अरे, गाणाऱ्याच्या गळ्यात लोक निदान हार तरी घालतात," ताई कळवळून म्हणाली, "हा काचेच्या पलीकडे यंत्रापाशी बसणार. ह्याला कोण ओळखणार?"

चार दिवस हवापालट म्हणून भाचेबुवा आमच्याकडे काशीस दाखल झाले. वैशाखात हवापालटासाठी काशीस येणारा मनुष्य एक तर मुमुक्षू असला पाहिजे किंवा लबाड असला पाहिजे. दुसऱ्याच दिवशी त्याने कबूल केले की, हिंदू विद्यापीठाच्या प्रवेश-परीक्षेचा अर्ज त्याने आईला न सांगता आधीच भरून ठेवला होता.

आपल्यासारख्या बदलीच्या माणसांना पाहुण्यास गाव दाखविण्याची हौस असते. आम्ही त्याला पहाटे अस्सी घाटावर नेले. २०१४ पासून तेथे 'सुबह-ए-बनारस' म्हणून रोज प्रातःकाळी आरती, रागसंगीत आणि योग असा कार्यक्रम चालतो. गाणे सुरू झाले. पूर्वेला तांबडे फुटत होते, गंगेवर नावा हलत होत्या, आणि आम्ही अभिमानाने भाच्याकडे पाहिले, तर तो जागेवर नव्हता. गायकाकडे पाठ करून तो मागच्या बाजूस उभा होता. तेथे एक मनुष्य बटणांच्या पेटीवर बोटे ठेवून, डोळे मिटून बसला होता. भाचा त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होता, की जशा नजरेने आम्ही त्याच्या वयात गवयांकडे पाहत असू. ताईचे दोन शब्द तेव्हा आमच्या ओठांवर होते, ते तेथेच राहिले.

घरी आल्यावर त्याने तीन संस्थांची माहिती आमच्यापुढे मांडली. पहिली मुंबईची एक खाजगी संस्था. वर्षभराचा अभ्यासक्रम, पुस्तिकेत झगमगीत चित्रे, आणि शुल्क आमच्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास जाणारे. दुसरी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. 'प्रभात'च्या जुन्या स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेली ही संस्था आपणां मराठी मंडळींना परकी नाही. २००९ साली ऑस्कर मिळविणारे ध्वनियोजक रेसूल पूकुट्टी तेथेच शिकले. परंतु तेथला ध्वनिमुद्रणाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा. जागा मोजक्या आणि इच्छुक देशभरचे. कोलकात्यास १९९५ साली निघालेल्या सत्यजित राय यांच्या नावाच्या संस्थेतही पदवी आधी लागतेच. तिसरे आमच्या घरापासून सायकलीच्या अंतरावरचे हिंदू विद्यापीठ. तेथे ध्वनिमुद्रण नव्हे, संगीताची पदवी. गायन, वादन, नृत्य. भाच्यासाठी अर्थातच तबला.

"मग येथे येऊन तुझे काय साधणार?" आम्ही विचारले.

"मामा, यंत्र दर पाच वर्षांनी बदलते," तो म्हणाला. "ते कोठेही शिकता येईल. पण तानपुरा नीट लागला आहे की नाही, हे ज्याला कळत नाही, त्याने तो मुद्रित कसा करावयाचा? आधी कान पाहिजे. पदवी तर पुण्याला लागतेच; मग ती कानाचीच का असू नये?"

उत्तर बिनतोड होते. तथापि सरकारी मनुष्य बिनतोड उत्तरावर फाईल निकालात काढीत नाही. आम्ही चौकशी आरंभिली. संस्था निवडताना काय पाहावे याची पृच्छा आम्ही ओळखीपाळखीच्या चार लोकांपाशी केली, आणि जे हाती लागले ते आपणांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच तर उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवितो. विद्यार्थ्याला आठवड्यातून किती तास यंत्राला प्रत्यक्ष हात लावावयास मिळतो, हे विचारावे; नुसते यंत्र दाखविणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. शिकविणाऱ्याने स्वतः काय काम केले आहे, ते ऐकावयास मागावे. मागे शिकून गेलेली मुले आज काय करतात, हे संस्थेला न विचारता त्या मुलांनाच विचारावे. आणि त्या आवारात गाणारी-वाजवणारी मंडळी आहेत काय, हे पाहावे. कारण ज्याच्याभोवती संगीतच नाही, तो मुद्रित काय करणार?

या शेवटच्या कसोटीला काशी कोण उतरवील? २०१५ साली युनेस्कोने हिला संगीताचे नगर म्हणून मान दिला. पण कबीरचौऱ्याच्या गल्ल्यांना त्या प्रशस्तिपत्राची गरज कधीच नव्हती. विद्यापीठातील संगीत महाविद्यालयाची धुरा १९५० च्या सुमारास विष्णु दिगंबरांचे शिष्य पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी प्रथम वाहिली. पुढे आपले देवधर मास्तर १९६० नंतरच्या दशकात काही वर्षे तेथे प्राचार्य होते, आणि व्हायोलिनवादिका एन. राजम् यांनी तर जवळजवळ चार दशके तेथे विद्यादान केले.

भाच्याने यात भर घातली ती आमच्या ध्यानीमनी नव्हती. काशीला ध्वनिमुद्रणाचीही परंपरा आहे, असे तो म्हणाला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गसाहेबांनी कलकत्त्यास ज्या गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले, तिचे बालपण काही काळ याच नगरीत गेले होते. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावयाचे आणि सुमारे तीन मिनिटांत राग आटोपावयाचा. तबकड्या जर्मनीत छापल्या जात, म्हणून तेथल्या कामगारांना कळावे यासाठी शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारावयाचे. आणि अस्सीनजीकच्या रीवा कोठीत ॲलँ दानिएलू नावाचे एक फ्रेंच गृहस्थ पंधराएक वर्षे राहिले. संस्कृत व हिंदी शिकले, वीणा शिकले, विद्यापीठात काही काळ शिकवीतही असत. त्यांनी मुद्रित केलेल्या हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताचा संग्रह १९५५ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाला. रविशंकर आणि अली अकबर त्या वेळी ऐन उमेदीत होते. त्यांचे वादन त्या संग्रहातून पश्चिमेच्या कानी गेले.

"आणि ज्यांच्यापाशी कोणी यंत्र घेऊन बसला नाही, त्यांचे काय झाले?" भाच्याने विचारले आणि उत्तरही त्यानेच दिले. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. तबकडी या देशात येऊन तोवर चव्वेचाळीस वर्षे झाली होती. तरी दोघांचाही आवाज आज ऐकावयास मिळत नाही. त्यांच्याविषयी आपण वाचतो, शिष्यांच्या गळ्यात त्यांची सावली शोधतो, आणि गप्प बसतो.

आम्हीही गप्प बसलो. कारण निराळे होते.

सतरा-अठरा वर्षांचे असताना आम्हांलाही गाणे शिकण्याची इच्छा झाली होती. याच विद्यापीठाचा प्रवेश-अर्ज आम्ही नागपुरास मागविला होता. आमचे वडील स्वतः गात. गुरूकडे रीतसर शिकलेले होते, आणि गणेशोत्सवात त्यांची बैठक ठरलेली असे. त्यांनी तो अर्ज घडी करून पंचांगात ठेवला आणि म्हणाले, "गाणे घरात असू दे, पोट बाहेर असू दे." पुढे आम्ही बी.ए. झालो, परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या सेवेत लागलो, आणि तीन बदल्यांनंतर दैवाने आम्हांला त्याच विद्यापीठाच्या फाटकावरून रोज कार्यालयात जाण्याची शिक्षा म्हणा, कृपा म्हणा, दिली. वडील जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट उरली आहे, १९९५ च्या गणेशोत्सवातली. ती आम्ही फारशी लावीत नसू, कारण गायकाजवळ कोणी एक टेबलपंखा ठेवला होता आणि त्याची घरघर गाण्यावर सारखी पसरलेली होती.

भाच्याने त्या कॅसेटीची संगणकावर प्रत केली आणि आठ रात्री तो तिच्यापुढे बसून राहिला. नवव्या रात्री त्याने आमच्या कानांना श्रवणिका लावल्या. घरघर बरीच ओसरली होती. पण पूर्ण गेली नव्हती.

"अजून काढता आली असती," तो म्हणाला. "पण पंख्याचा आवाज आणि आजोबांचा खर्ज एकाच ठिकाणी बसले आहेत. पंखा सगळा काढला, की आजोबाही थोडे जातात. म्हणून थोडा पंखा राहू दिला."

तेवढ्यात गाणे सुरू होण्यापूर्वीचा भाग लागला. तानपुरा जुळतो आहे, कोणी खोकतो आहे, तबल्यावर हातोडी पडते आहे, आणि त्या सगळ्या गलबल्यातून वडिलांचा बोलण्याचा आवाज, इतक्या वर्षांत प्रथमच स्पष्ट : "त्याला मागे ओढू नका हो. पुढे बसू द्या. ऐकू दे त्याला."

तो मागे ओढला जाणारा मुलगा आम्हीच. आम्ही त्या वेळी सात-आठ वर्षांचे असू. ज्यांनी आमचा अर्ज पंचांगात ठेवला, त्यांनीच एके काळी आम्हांला पुढे बसविले होते, हे आम्ही विसरून गेलो होतो. किंबहुना पंख्याने ते इतकी वर्षे आम्हांला ऐकू दिले नव्हते. आम्ही उठून सज्जात गेलो. सौ.ने काय झाले म्हणून विचारले. उकडते आहे, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी ताईला सविस्तर पत्र लिहिले. फोनवर आमचे तिच्यापुढे चालत नाही. सवयीप्रमाणे अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन भाग केले. प्रतिकूल भागात काही लपविले नाही. पुण्याचा प्रवेश मिळेलच असे नाही; न मिळाल्यास हातात तबल्याची पदवी राहील आणि तिच्यावर शिकवण्या कराव्या लागतील. या धंद्यात बांधील पगार थोड्यांना मिळतो. बहुतेकांना कामामागून काम शोधावे लागते. नाव होणेही कठीण. 'शोले' (१९७५) अवघ्या देशाने ऐकला, पण त्याचे ध्वनिमिश्रण करणारे राजकमल कलामंदिराचे मंगेश देसाई किती मराठी घरांना ठाऊक आहेत? अनुकूल भागात मात्र आम्ही एवढेच लिहिले की, मुलाला काय सोडावे आणि काय राखावे हे कळते. ही समज कोणत्याही संस्थेत शुल्क भरून मिळत नाही. आणि ती असलेल्या मुलाला आपण दोघांनी मागे ओढू नये. सोबत ती ध्वनिफीत पाठवीत आहोत, तेवढी ऐकावी.

तीन दिवस ताईचा फोन नाही. चौथ्या दिवशी आला. आवाज घोगरा होता. ती एवढेच म्हणाली, "त्याला वांग्याची भाजी आवडत नाही, मामीला सांगून ठेव." आमच्या घराण्यात मंजुरीचा शेरा असाच येतो.

परीक्षा झाली, वादनाची चाचणी झाली, आणि यादीत नाव लागले. पालक म्हणून सही करावयाच्या जागी आम्ही सही केली. आजवर हजारो कागदांवर केली. पण त्या दिवशी हात किंचित कापला. पंचांगातला तो जुना अर्ज एव्हाना कोठे असेल कोण जाणे.

आता तो आमच्याकडेच राहतो. सकाळी महाविद्यालय, संध्याकाळी रियाज, आणि रविवारी उसना मायक्रोफोन घेऊन शेजारच्या घरांतून हिंडणे. ब्रह्मा घाटाकडे राहणाऱ्या एका मराठी आजीबाईंना त्याने पहाटेच्या ओव्या म्हणावयास परवा आमच्या घरी आणले. भाद्रपदाचे ऊन; काशीचा तो चिकट उकाडा. आजीबाई बसल्या, भाच्याने कानांना श्रवणिका लावल्या, बोट वर केले, आणि स्वयंपाकघराच्या दारातून सौ.चा दबका हुकूम आला, "पंखा बंद करा."

आम्ही पंखा बंद केला आणि घाम पुसत, आवाज न करता, पुढे जाऊन बसलो.