समास

शास्त्रीय ग्रंथ वाचण्यासाठी आणि त्यांवर टिपणे करण्यासाठी ई-इंकचा टॅबलेट घ्यायचे ठरवले, तेव्हा हे काम आठवडाभरात उरकेल असे आम्हांस वाटले होते. संगणकासमोर डोळे थकत होते, एवढेच कारण होते. ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुपींतले काळे-पांढरे कण विद्युतभाराने वर-खाली सरकतात आणि अक्षर कागदासारखे, बाहेरच्या उजेडात दिसते. आमची गरज त्याने भागणार होती.

अडचण निघाली ती मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पाशी. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची आमच्या दिवंगत सरांनी केलेली झेरॉक्स प्रत त्यांच्या घरच्यांनी आम्हांस दिली होती. तिची स्कॅन आम्ही करून घेतली. मजकूर ए-फोर कागदाच्या मधोमध आणि चारी बाजूंच्या रुंद समासांत सरांचे बारीक अक्षर. एका विधानाशेजारी त्यांनी पेन्सिलीने ‘नाही’ असे लिहिले आहे. पुढे केव्हातरी शाईच्या पेनाने त्यापुढे प्रश्नचिन्ह घातले आहे.

एका मित्राने आपला १०.३ इंची टॅबलेट चार दिवस वापरायला दिला. त्यावर ए-फोर पान साधारण सत्तर टक्के उरते; म्हणजे १२ पॉइंटचा टाइप साडेआठाच्या आत येतो. रोमन लिपी एवढे सोसते. देवनागरीत मात्र ‘त्यानें’वरचा ठिपका अनुस्वार की झेरॉक्समधली धूळ, हे कळेना; आणि व्याकरणाच्या ग्रंथात ते कळल्यावाचून चालत नाही. मित्र म्हणाला, “समास काप, अक्षर मोठे होईल.” कापले. अक्षर खरोखरच मोठे झाले. पण सर गेले. समासप्रकरण वाचायला समासच गमवावा लागावा, याचे त्या क्षणी हसू आले नाही.

मग कसोट्या बदलल्या. पडदा १३.३ इंचांचा हवा. त्यावर ए-फोर पान नव्वद टक्क्यांच्या आसपास दिसते. रंगीत पडद्याचा मोह सोडला. प्रचलित रंगीत ई-इंकमध्ये कृष्णधवल मजकूर इंचाला ३०० बिंदूंनी उमटतो, तर रंग १५० बिंदूंनीच. तिसरी कसोटी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते: आपले टिपण पीडीएफमध्येच, त्याच जागी साठले पाहिजे. ते यंत्राच्या खाजगी कप्प्यात राहिले तर यंत्राबरोबरच जाईल. सरांची पेन्सिल कोणत्याही यंत्रावाचून आमच्यापर्यंत पोहोचली होती.

घेतलेला टॅबलेट महाग आहे आणि शबनममध्ये मावत नाही. परवा त्या प्रश्नचिन्हाखाली आम्ही आमचे पहिले टिपण लिहिले आणि फाइल संगणकावर उघडून पाहिली. दोन्ही हस्ताक्षरे आपापल्या जागी होती.