कोरडा आणि प्रायश्चित्त

भग्न चर्च, उलटे क्रूस, रक्ताने माखलेल्या संतमूर्ती ही गॉथिक भयखेळांची ठरलेली सामग्री. ख्रिस्ती वातावरणात वाढलेल्या माणसाला तीत पवित्राची विटंबना दिसत असणार. केजसारख्या तालुक्याच्या गावी वाढलेल्या माझ्यासारख्याला तिने का ओढून घ्यावे? ‘डायाब्लो’ (१९९६) या खेळात चर्चच्या तळघरांतून थेट नरकापर्यंत उतरताना मला थरार जाणवला. पाखंडाचा धसका मात्र मुळीच नाही. आपल्याकडे उग्रता पवित्राच्या विरोधात उभी नसतेच. काळभैरवाच्या हाती ब्रह्मदेवाचे कपाल असते, नरसिंह मांडीवर घेऊन पोट फाडतो, आणि दोघांनाही आपण नैवेद्य दाखवतो.

मला खरे अस्वस्थ केले ते ‘ब्लास्फेमस’ने. सेव्हिलच्या ‘द गेम किचन’ने २०१९ साली आणलेल्या या खेळाचा नायक एक मौनी प्रायश्चित्तकर्ता आहे. स्पेनमधील पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकांत दिसणाऱ्या टोकदार टोपीसारखे त्याचे शिरस्त्राण. त्यात एक सोय आहे: स्वतःवर वार करून थोडे प्राण गमावले, की त्या बदल्यात भक्तीचा आवेश वाढतो. एक कळ दाबली की झाले.

ती कळ दाबताना मला पोतराज आठवला. आषाढात तो दारी येई. कमरेला चिंध्यांचा घोळ, मोकळे केस, पायांत घुंगरू. बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. कोरड्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि आम्ही मुले भीत भीत, पण मोठ्या आवडीने पाहत असू. (ही आवड आणि खेळातली आवड एकाच जातीची, असे मला वाटते.) मात्र त्याच्या पदरी आवेशाऐवजी पसाभर धान्य पडे. महार-मांगांच्या घरचा मुलगा देवीला सोडण्याची ती रीत बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये वाचली, तेव्हा त्या आवाजाचा अर्थ कळला. रोगराई टळायची ती साऱ्या गावावरची; पाठ मात्र त्याची एकट्याची. त्याने पाप कोणतेच केलेले नव्हते.

सेव्हिलच्या त्या टोपीचा एक उपयोग असा, की प्रायश्चित्त कोण करतो आहे हे बघणाऱ्याला कळत नाही. पोतराजाचा चेहरा उघडा असे. तो कोण, कुठल्या वस्तीतला, हे गावाला आधीच ठाऊक असे.