लहान तोंडी मोठा घास

वकिलाचा धंदा हा मुळात ‘नाही’ म्हणण्याचा धंदा आहे. वादी ‘आहे’ म्हणतो, प्रतिवादी ‘नाही’ म्हणतो आणि एवढ्या पायावर न्यायालयाची सारी इमारत उभी राहते. वीस वर्षे हा धंदा केल्यावर आपल्याला ‘नाही’ नीट म्हणता येते, असा माझा समज झाला होता. तो आमच्या गावच्या देवळात एका संध्याकाळी पार धुऊन निघाला. त्याचीच ही हकीकत आहे.

तामसी हे आमच्या गावाचे नाव वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. ते आदिलाबाद जिल्ह्यात आहे. उत्तरेला पैनगंगा आणि नदीपलीकडे यवतमाळचा मुलूख. निजामाच्या राजवटीत आमची कचेरी उर्दूत चाले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा शेजारचा किनवटचा भाग नांदेड जिल्ह्याला जोडून मुंबई राज्यात गेला. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहो. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आदिलाबादच्या बाजारात उर्दू आणि डोंगराकडून येणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडी गोंडी, अशा चार भाषांत आमचा दिवस मावळतो. चार भाषा हाताशी असताना भांडायला मात्र आम्ही पाचवी भाषा वापरू लागलो आहो, आणि ती म्हणजे इंग्रजी.

हे खोटे वाटत असेल तर कोणत्याही सुशिक्षित घरात तासभर बसून पाहावे. जेवणाचे, पावसाचे, कपाशीच्या भावाचे बोलणे मराठीत चालते. मतभेदाचा क्षण आला की भाषा रूळ बदलते. मुलगा आईला म्हणतो, ‘दॅट्स नॉट द पॉइंट.’ धाकटा भाऊ थोरल्याला ‘आय डोन्ट अ‍ॅग्री’ असे ऐकवतो. वाद फारच चिघळला तर कोणी तरी ‘लेट्स अ‍ॅग्री टू डिसअ‍ॅग्री’ म्हणून उठून जातो, आणि जे मिटलेच नाही ते मिटले असे सर्वांनी धरून चालायचे असते.

या प्रकाराकडे मी शुद्धिवाद्याच्या नजरेने पाहत नाही. ज्याला आपण आज शुद्ध मराठी भांडण म्हणतो, त्यातले ‘हरकत’, ‘तक्रार’, ‘मुद्दा’ आणि ‘दावा’ हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आलेले आहेत. माझ्या आजोबांच्या दप्तरातल्या जुन्या कागदांत ‘उज्रदारी’ हा शब्द वारंवार येतो. कचेरीत घेतलेल्या हरकतीचे ते उर्दू नाव. म्हणजे परक्या शब्दांनी भांडण्याची आमची रीत जुनीच आहे. मात्र ‘हरकत’ हा शब्द आमच्या अंगणात राहिला, वाढला, आणि आज तो ‘काही हरकत नाही’ असे म्हणून पाहुण्याला पाणीदेखील देतो. इंग्रजी वाक्ये अजून पाहुणी आहेत. ती बोलताना आपण थोडे दुसरेच कोणी तरी होतो, आणि माझ्या मते त्यांचे आकर्षणही नेमके तेच आहे.

न्यायालयात या वाक्यांना अर्थ आहे. समोरच्या वकिलाचा युक्तिवाद मुळासकट उपटायचा असतो, पण त्या माणसाशी उद्याही त्याच खोलीत बसायचे असते. म्हणून तो ‘माय लर्नेड फ्रेंड’ होतो. न्यायाधीशांची चूक दाखवायची असते, म्हणून ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ अशी प्रस्तावना करावी लागते. तलवारीला म्यान असते, तशी ही वाक्ये. तरीही अशिलाला ती कळतातच असे नाही. धंद्याच्या आरंभी एक म्हातारा शेतकरी माझ्याकडे बांधाच्या दाव्यासाठी आला होता. सुनावणी संपल्यावर तो बाहेर व्हरांड्यात येऊन म्हणाला, “साहेब, तुम्ही तं भांडलेच नाही. त्यायले तुम्ही फ्रेंड म्हणत होते.” इंग्रजीतला तेवढाच एक शब्द त्याला येत होता, आणि त्या एका शब्दावरून आपला वकील फुटला असा निष्कर्ष त्याने काढला होता. तेव्हा मी हसलो. आज तितके हसू येत नाही.

आता देवळातली गोष्ट सांगतो. आमच्या देवस्थानाची थोडी काळी जमीन आहे. वडिलांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सारे मोठेबाबा म्हणतो, त्यांनी आयुष्यभर त्या जमिनीची देखभाल केली. सभामंडपाचे छप्पर गळू लागले, तेव्हा ही जमीन विकून मंडप नव्याने बांधावा असे त्यांनी मनाशी योजले, आणि एका एकादशीला कीर्तनानंतर सर्वांसमोर ते मांडले. नोंदलेल्या देवस्थानाची स्थावर मिळकत सरकारच्या धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. आमच्याकडचा १९८७ चा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. हे तिथे ठाऊक असलेला मी एकटाच होतो. मी उभा राहिलो आणि बोललो, “विथ ड्यू रिस्पेक्ट, मोठेबाबा, हा ठराव बेकायदेशीर आहे.”

मंडपात शांतता पसरली. मोठेबाबांनी चष्मा काढून मला विचारले, “म्हंजे काय रे?”

मी भाषांतर केले, “आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून बोलतो.”

“आदर आहे ना तुह्या मनात? मंग तो आधी सांगाले काऊन लागते?” एवढे बोलून ते उठले. पुढले दोन महिने ते देवळात आले नाहीत. पहाटे काकड्याला त्यांची जागा रिकामी दिसे, आणि गावाने त्या रिकाम्या जागेचे कारण मला धरले.

आरंभी मी स्वतःची समजूत घातली की म्हाताऱ्यांना इंग्रजी शब्द झोंबला. पुढे लक्षात आले की झोंबले ते निराळेच होते. त्या वाक्यातला आदर मी माझ्या पदरचा दिला नव्हता. तो उसना आणून समोर ठेवला होता. आणि ‘बेकायदेशीर’ म्हणणारा तरी कोण? तो कायदा होता. आदर इंग्रजीचा, विरोध कायद्याचा. मग त्या वाक्यात मोठेबाबांचा पुतण्या होता कुठे? ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून पैनगंगेच्या पात्रात नेले होते, त्याच्याशी मी एखाद्या परक्या पक्षकारासारखा बोललो होतो.

खरे पाहता आपल्या भाषेला ही अडचण पूर्वीच ठाऊक होती. वडीलधाऱ्यांपुढे विरोध करायचा तर मराठी माणूस म्हणे, ‘लहान तोंडी मोठा घास घेतो, पण…’ किंवा ‘तुमचे खरे, पण माझे थोडे ऐकून घ्या.’ आमचा तेलुगू शेजारी ‘अवुनंडी, कानी’ म्हणतो. ‘होय हो, पण’ असा त्याचा अर्थ. गोव्याकडचे माझे स्नेही ‘म्हाका तशें दिसना’ म्हणतात, आणि त्या ‘म्हाका’त सारा भार आपल्या शिरावर घेतात. या सर्व बोलण्यांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा आधी स्वतःला लहान करतो किंवा स्वतःला पुढे करतो. लपत मात्र नाही. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’मध्ये मी समोरच्याला आदर मोजून देतो. ‘लहान तोंडी मोठा घास’ म्हणताना माझेच तोंड लहान होते, आणि घास अडकला तर तो माझ्याच घशात अडकतो.

शास्त्रकारांनीही चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे भेद येतात. तत्त्व शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ खंडन करणे ही वितंडा. मी देवळात जे केले ते वितंडेच्या फार जवळचे होते. जमीन विकू नका एवढे मी सांगितले. गळत्या छपराचे काय करावे, याविषयी एक अक्षरही बोललो नाही.

याचा अर्थ इंग्रजीत प्रामाणिक विरोध होतच नाही असा कोणी करू नये. १९०८ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ‘केसरी’तील लेखांचे इंग्रजी भाषांतर सदोष आहे, हा त्यांच्या बचावातला एक मोठा मुद्दा होता. ज्या १२४-अ कलमाखाली खटला होता, त्यात ‘डिसअफेक्शन’ आणि ‘डिसअ‍ॅप्रोबेशन’ असे दोन शब्द होते. सरकारविषयी अप्रीती चेतवणे हा गुन्हा, पण सरकारच्या कृत्यांविषयी नुसती नापसंती दाखवणे हा गुन्हा नव्हे. दोन शब्दांमधल्या या चिंचोळ्या पट्टीत एका माणसाचे स्वातंत्र्य उभे होते. ते कलम ज्या दंडसंहितेत होते, तिची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेने घेतली आहे. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर लोकमान्य जे बोलले, त्याचा गाभा ‘आय मेन्टेन दॅट आय अ‍ॅम इनोसन्ट’ या चार-सहा शब्दांत आहे. ते शब्द आज त्याच न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. तेही इंग्रजीच, पण त्यात आडोसा नाही. वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे आणि त्या ‘मी’ने सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा अंगावर घेतली. तेव्हा दोष भाषेचा नसतो. बोलणारा आपल्या वाक्यात उभा आहे की वाक्याच्या मागे, एवढाच प्रश्न असतो.

दोन महिन्यांनी मी मोठेबाबांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी खाली बसलो आणि म्हणालो, “मोठेबाबा, लहान तोंडी मोठा घास घेतो. जमीन विकू नका. विकली तर देवळावर खटला होईल, आणि तो खटला चालवायला मला तुमच्या विरुद्ध उभे राहावे लागेल. ते मला जमणार नाही. छपरासाठी माझ्या वाट्याची रक्कम मी देतो, बाकीची वर्गणी दारोदार जाऊन मागतो.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आत वळून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

“आता बोलला तू,” ते म्हणाले. “मले पटलं नाही. पण आयकू आलं.”

छपराची वर्गणी अजून पुरी झालेली नाही आणि जमिनीविषयीचा आमचा मतभेदही मिटलेला नाही. मोठेबाबा काकड्याला मात्र येतात. आरती संपली की आम्ही दोघे मंडपात, गळक्या पन्हळीखाली बादली ठेवून, त्याच विषयावर भांडतो, आणि ते भांडण मराठीत चालते.