पणजोबांचा चाकू

मु. इन्सुली, तालुका सावंतवाडी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

माजघरातील पेटाऱ्यात सापडलेला तुझ्या पणजोबांचा चाकू तुझ्या हवाली करावा, असे तुझ्या आईचे म्हणणे पडले व ते मला सर्वथा मान्य आहे. तथापि वस्तूबरोबर तिची हकीकतही वारसाच्या हाती पडावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

चाकू मिटला असता जेमतेम चार बोटे भरतो. पात्याच्या बुडाशी भिंग धरले की मुकुट, त्याच्या दोहों बाजूंस व्ही व आर ही अक्षरे, आणि रॉजर्स हे नाव दिसते. शेजारी तारा व माल्टी क्रूस. तारा व क्रूस ही निशाणी शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीची, १७६४ पासूनची. आणि व्ही व आर ही अक्षरे जिची, ती व्हिक्टोरिया राणी १९०१ च्या जानेवारीत निवर्तली, त्या अर्थी चाकू बहुधा त्यापूर्वीचा. मात्र केवळ शिक्क्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण नकली छापाचा जर्मन माल इंग्रजी म्हणून खपवण्याचा सुळसुळाट त्या काळी इतका झाला होता की विलायतेत १८८७ त व आपल्याकडे १८८९ त त्याविरुद्ध कायदे करावे लागले. मी कमानीची साक्ष अधिक मानतो: पाते उघडे असो वा मिटलेले, तिची पाठ मुठीच्या पाठीशी तंतोतंत समतल राहते, आणि एवढी कसोशी नकलेत क्वचित आढळते. मुठीचे सांबरशिंग तर बहुधा हिंदुस्थानातूनच शेफील्डास गेलेले. म्हणजे स्वदेशीचा अंश त्यातही आहेच!

वाडी संस्थानच्या दप्तरात कारकुनी करताना पणजोबा याच चाकूने बोरू तासत. निसण्यावर घासून घासून पाते मध्ये झिजले आहे. शेफील्डात हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद सिद्ध केले ते १९१३ त, त्यामुळे आपल्या दमट हवेने या पात्यावर तांबडे ठिपके उठवले यात नवल नाही. सांध्यात शिलाई यंत्राचे तेल रात्रभर मुरवून मी बांबूच्या काडीने मळ काढला आणि ठिपके जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेने खरवडले. तांबे पोलादाहून मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. खोबरेल हाताशी असूनही वापरले नाही, कारण ते थंडीत थिजते. काळसर निळी छटा मुद्दाम राखली आहे. तो गंज नव्हे, तीच पात्याची ढाल. काचकागद तर शिक्क्याजवळ फिरकूही दिला नाही. शिक्का घासला गेला की पुरावाच नष्ट.

तुला एकच ताकीद: हा चाकू सराणवाल्याच्या चाकावर कदापि धरू देऊ नकोस, त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, धार लावणे झाल्यास निसण्यावर, तेल सोडून, हळूच लावावी.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका